रोम सोडून जहाजावर चढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या काही वर्षांत आमच्या नात्यागोत्यातली आणि सोसायटीतली बरीच मंडळी भूमध्य समुद्रातली सात-आठ दिवसांची क्रूझ करून आली. आम्ही ती आधी केली होती, म्हणून निघण्यापूर्वी सगळ्यांचे फोन आमच्याकडे. गंमत म्हणजे जहाजावरच्या सात दिवसांबद्दल फारसं कुणी विचारत नाही. प्रश्न असतात ते रोमचं हॉटेल सोडल्यापासून जहाजाच्या शिडीपर्यंतच्या चार-पाच तासांबद्दल. ते बरोबरच आहे, कारण घोळ होतो तो तिथेच.

तिकिटावर ‘रोम’ लिहिलंय. म्हणजे जहाज रोममध्येच लागतं ना?

नाही. तिकीट नीट पाहा, ‘रोम’च्या शेजारी कंसात बारीक अक्षरांत ‘चिवितावेक्किया’ असं एक नाव असेल. हे बंदर रोमच्या वायव्येला सुमारे ७५ किलोमीटरवर आहे. पुणे ते लोणावळा धरा आणि वर थोडं. मुंबईत बॅलार्ड पियर शहरातच असल्यामुळे आपल्याला वाटतं की बोट म्हणजे टॅक्सीने अर्ध्या तासाचं काम. इथे तसं नाही.

क्रूझ कंपन्या सर्रास असंच लिहितात, फसवायला म्हणून नाही, पण प्रसिद्ध नाव विकलं जातं म्हणून. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, ‘लंडन’ म्हणजे बहुतेक वेळा साउदॅम्प्टन. ‘बर्लिन’ असं लिहिलेलं जहाज तर बाल्टिक किनाऱ्यावर वार्नेम्युंडेला लागतं, म्हणजे दोनशे किलोमीटरहून जास्त लांब. त्यामानाने रोमवाले सुखी. व्हेनिसचं गणितही बदललंय. १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांवरच्या जहाजांना तिथल्या जुदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे, त्यामुळे ‘व्हेनिस’चं जहाज मार्गेरा, रावेन्ना किंवा त्रिएस्तेलाही लागू शकतं. तेव्हा हॉटेल बुक करण्याआधी बंदराचं खरं नाव शोधा.

एवढं मोठं साम्राज्य, आणि राजधानीला बंदर नाही?

हा प्रश्न माझ्या मेव्हण्याचा. रोम समुद्रापासून आत, टायबर नदीच्या काठी आहे. नदीच्या मुखाशी ऑस्तिया हे जुनं बंदर होतं, पण तिथे गाळ साचायचा. सम्राट क्लॉडियसने इसवी सन ४२ च्या सुमारास शेजारी नवं बंदर बांधायला घेतलं. पुढे सम्राट ट्राजनने ते वाढवलं आणि उत्तरेकडे खोल पाण्याचं आणखी एक बंदर उभारलं, सेंटुमसेलाय नावाचं. तेच आजचं चिवितावेक्किया. तिथे काम चालू असताना धाकटा प्लिनी हा रोमन लेखक हजर होता. बंदराच्या तोंडाशी प्रचंड दगड टाकून कृत्रिम बेट कसं उभं राहतंय आणि लाटा त्यावर कशा फुटतायत, ते त्याने पत्रात लिहून ठेवलंय. नवव्या शतकात अरब हल्ल्यांमुळे लोक गाव सोडून आत डोंगराकडे गेले, नंतर परतले. परतले ते ‘जुन्या गावात’, आणि चिवितावेक्कियाचा अर्थ तोच.

म्हणजे तुम्ही ज्या धक्क्यावरून चढणार, ती वहिवाट एकोणीसशे वर्षांची आहे. हे फक्त मेव्हण्यासाठी. तुम्ही पुढे चला.

क्रूझच्याच दिवशी पहाटे विमानाने उतरलं तर एक रात्र वाचेल. चालेल का?

वाचेल, पण करू नका. मुंबईहून दुबई, दोहा, अबू धाबी किंवा इस्तंबूलमार्गे येणार, म्हणजे मध्ये एक विमान बदलायचं. पहिलं विमान दोन तास उशिरा निघालं की दुसरं सुटलं. किंवा तुम्ही पोचलात आणि बॅग दोह्यात राहिली. हॉटेलात असाल तर ती दुसऱ्या दिवशी येते. जहाजावर असाल तर ती बंदराबंदरांतून तुमच्या मागे फिरत राहते. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांनी (एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांनी) शिक्क्याऐवजी संगणकावर नोंद करायची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू केली आहे, त्यामुळे इमिग्रेशनला किती वेळ लागेल ते धरून चालता येत नाही.

जहाज थांबत नाही. कंपनीनेच विमानाचं तिकीट काढून दिलं असेल तर ती काहीतरी सोय करते. तुम्ही स्वतः काढलं असेल तर पुढच्या बंदरापर्यंत आपल्या खर्चाने जायचं. निदान एक रात्र आधी पोचा. रोम पाहायचं असेल तर तीन. फक्त जहाजासाठीच जात असाल तरी जमल्यास दोन रात्री ठेवा, कारण पहिला दिवस डोळे मिटण्यातच जातो. उन्हाळ्यात घड्याळ साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. पहाटे चारला टक्क जाग येते आणि संध्याकाळी सातला कुणाशी बोलवत नाही.

निघायच्या दिवशी सकाळी एक-दोन गोष्टी उरकता येतील का? जहाज तर संध्याकाळी आहे.

आम्ही हेच केलं होतं, म्हणून सविस्तर सांगतो.

आमचं जहाज संध्याकाळी सहाचं होतं. म्हटलं, सकाळी सेंट पीटर्सचं चर्च पाहू, दुपारी निघू. वार रविवार. कुणाच्याही डोक्यात आलं नाही की रविवारी दुपारी बाराला पोप खिडकीत येऊन प्रार्थना म्हणतात आणि अख्खं मैदान भरतं. चर्चला तिकीट नाही, पण सुरक्षा तपासणीची रांग आहे, आणि ती त्या दिवशी खांबांच्या कमानीला वळसा घालून गेली होती. आत गेलो, डोकं वर करून घुमट पाहिला, आणि उरलेला वेळ घड्याळ पाहत काढला. मायकेलअँजेलोचा ‘पिएता’ हा पुतळा मी असा पाहिलाय की त्याचं वर्णन करायला सांगू नका.

परत हॉटेलवर, बॅगा घेतल्या, आणि रोमच्या रस्त्यांनी उरलेला सूड उगवला. जुन्या शहरात सांपिएत्रिनी नावाचे काळे चौकोनी दगड बसवलेत. दिसायला सुंदर, चाकांच्या बॅगेचा काळ. वहिनीच्या बॅगेचं एक चाक पहिल्या चौकातच गेलं. गाडी चुकली, पुढची मिळाली, बंदरावर धापा टाकत पोचलो तेव्हा चेक-इन बंद व्हायला वीस मिनिटं होती. चूक सर्वस्वी आमची.

मुद्दा असा की जहाज ‘सहाला सुटतं’ म्हणजे चेक-इन साधारण एक ते दीड तास आधी बंद होतं. उलट मोजत या: साडेचार, त्याआधी बंदरातली बस, त्याआधी तासाभराचा रेल्वेप्रवास, त्याआधी स्थानक, त्याआधी हॉटेल. म्हणजे साडेअकरा-बाराला तुम्ही रस्त्यावर हवेत. सकाळी एखादी कॉफी, जवळचा बाजार, एखादं छोटं चर्च, एवढंच. कोलोसियममध्ये मोठ्या बॅगा घेऊन जाता येत नाही आणि त्या ठेवायला तिथे जागाही नाही, त्यामुळे ‘बॅगांसकट जाता जाता पाहू’ हा विचारही सोडा. लवकर चढलात तर जेवणाचा मंडप उघडा असतोच. त्याचे पैसे तुम्ही भरलेले आहेत.

रेल्वे की गाडी?

दोन माणसं, एकेक बॅग, गुडघे ठणठणीत: रेल्वे. सहा-आठ जण आणि बॅगांचा डोंगर: व्हॅन. मधल्यांनी स्वभावानुसार ठरवावं.

रेल्वेचं साधं प्रादेशिक तिकीट पाच युरोंच्या आसपास असतं आणि प्रवास तास-सव्वा तासाचा. काही जलद गाड्या पाऊण तासात नेतात, त्या महाग आणि मोजक्या. गाडी रोमा तेर्मिनी या मुख्य स्थानकावरून सुटते आणि ऑस्तिएन्से, त्रास्तेवेरे, सान पिएत्रो अशी थांबत समुद्राकडे वळते. एक गोष्ट लक्षात ठेवा: तेर्मिनीवर या गाड्या बहुधा २५ ते ३० या फलाटांवरून सुटतात, आणि ते फलाट मुख्य भागापासून खूप लांब आहेत. बॅगेसह दहा मिनिटं चालायचं. फलक पाहून ‘अजून सात मिनिटं आहेत’ म्हणत पाणी घ्यायला गेलेल्यांच्या गाड्या तिथेच चुकतात.

माझा सल्ला: शेवटची रात्र सान पिएत्रो किंवा त्रास्तेवेरे स्थानकाजवळ काढा. सान पिएत्रो व्हॅटिकनपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे आणि छोटं, गोंधळ नसलेलं स्थानक आहे. तोटा एकच, गाडी तेर्मिनीहून भरून येते, त्यामुळे जागा मिळेलच असं नाही. विमानतळावरून थेट बंदरावर जाणाऱ्यांनीही तेर्मिनीपर्यंत जाण्याची गरज नाही. फ्युमिचिनोहून निघणारी साधी लोकल त्रास्तेवेरेला थांबते, तिथे गाडी बदला. लिओनार्दो एक्सप्रेस ही चकचकीत गाडी मात्र मध्ये न थांबता तेर्मिनीलाच जाते, ती या कामाची नाही.

डब्यात डावीकडे बसा. सांता सेवेराचा किल्ला अगदी पाण्यालगत आहे, आणि सांता मारिनेल्लानंतर समुद्र सोबत येतो. कोकण रेल्वेने जाणाऱ्याला यात नवल वाटणार नाही, पण जहाजाचं पहिलं धुरांडं क्षितिजावर दिसतं तेव्हा डब्यातले सगळे उभे राहतात.

व्हॅनचे दीडशे युरो किंवा त्याहून जास्त होतात. आठ जणांत वाटले तर जड नाहीत. भाव आधी लिहून घ्या, आणि हॉटेल जुन्या शहराच्या आतल्या गल्लीत असेल तर गाडी दारापर्यंत येते का ते विचारा. बऱ्याच भागांत परवान्याशिवाय वाहनांना बंदी असते.

तिकीट काढलं की झालं ना?

नाही. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवायचा. मोबाइलवर काढलं असेल तर गाडीत बसण्याआधी त्यात ‘चेक-इन’ करायचं. हे न केल्यास खिशात खरं तिकीट असूनही दंड होतो आणि तपासनीस ‘आम्ही पाहुणे आहोत’ हे ऐकून घेत नाही. आपल्याकडचे कितीतरी शिस्तीचे लोक इथे अडकलेत.

रेल्वेचा संप असला तर?

इटलीत संप आधी जाहीर करून होतो, त्यामुळे आदल्या दिवशी हॉटेलच्या काउंटरवर ‘शोपेरो’ आहे का एवढं विचारा. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत ठरलेल्या गाड्या चालवाव्या लागतात. म्हणजे नाश्ता लवकर करून सकाळच्या गाडीने निघायचं आणि चार तास समुद्रकिनारी बसायचं. १५ ऑगस्टची क्रूझ असेल तर वेगळी काळजी: त्या दिवशी इटलीत फेर्रागोस्तोची मोठी सुट्टी असते आणि बरीच दुकानं बंद. औषधं-पाणी आदल्या दिवशी घ्या.

स्थानकातून बाहेर पडल्यावर जहाज दिसतं. चालत जाऊ का?

दिसतं, पण बंदर लांबच लांब पसरलंय. कुणाचं जहाज कुठल्या धक्क्यावर, ते दिवसागणिक बदलतं. पद्धत अशी: स्थानकाबाहेरून स्थानिक बसने लार्गो देल्ला पाचे नावाच्या थांब्यावर जायचं. तिथून प्रत्येक जहाजासाठी बंदराची मोफत बस सुटते. बसवर जहाजाचं नाव असतं, ते वाचून चढा. एकसारखी दिसणारी तीन जहाजं उभी असतात आणि दुसऱ्याच्या रांगेत अर्धा तास उभे राहिलेले माझ्या ओळखीत दोन आहेत.

बंदरावर नेमकं काय होतं?

मोठ्या बॅगा बाहेरच हमालांकडे द्यायच्या. कंपनीने आधी पाठवलेली नावाची पट्टी घरूनच छापून न्या आणि स्टेपलरने पक्की लावा. बॅग खोलीच्या दाराशी येते, पण कधी रात्री आठ वाजता. म्हणून पासपोर्ट, औषधं, चष्मा, चार्जर आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत ठेवा. पासपोर्ट मोठ्या बॅगेत टाकणारा एक तरी प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. आधी त्याला शोधा.

मग तपासणी, फोटो आणि खोलीचं कार्ड. जहाजावर रोख चालत नाही, सगळं त्या कार्डावर. काही जहाजांवर आपले पासपोर्ट काढून घेतात आणि शेवटी परत देतात. घाबरू नका, पण पहिल्या पानाची आणि व्हिसाची झेरॉक्स जवळ ठेवा. खोल्या बहुधा दुपारी एक-दोनपर्यंत तयार होतात.

व्हिसा इटलीचाच काढायचा का? एकदाच प्रवेशाचा चालेल?

शेंगेन व्हिसा ज्या देशात सर्वांत जास्त दिवस, त्याच्याकडे मागायचा. दिवस सारखे असतील तर जिथे पहिला प्रवेश, तिथे. आधी रोममध्ये तीन दिवस आणि मग इटलीची दोन-तीन बंदरं असतील तर उत्तर सरळ आहे. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळी सुट्टीसाठी तारीख मिळायला वेळ लागतो, तेव्हा जानेवारीतच हात घाला.

खरी मेख प्रवेशांच्या संख्येत आहे. जहाज फक्त इटली, फ्रान्स, स्पेन, माल्टा किंवा ग्रीसला जात असेल तर एक प्रवेश पुरतो. क्रोएशियाही १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. पण यादीत तुर्कस्तान, मॉन्टेनेग्रोचं कोटोर किंवा ट्युनिशिया असेल तर जहाज शेंगेनबाहेर जाऊन परत आत येतं. तिथे अनेक प्रवेशांचा व्हिसा हवा, आणि त्या देशाचे वेगळे नियमही पाहावे लागतात. ‘आम्ही त्या बंदरावर उतरणारच नाही’ असं म्हणून चालत नाही. कागद नसेल तर कंपनी रोमलाच चढू देत नाही.

खाऊ न्यायचा का? जैन जेवण मिळतं का?

चिवडा, शंकरपाळी, खाकरा, लाडू न्या, पण लाडवाच्या आधी हे वाचा: युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. म्हणजे पेढे, बर्फी, तुपाची बरणी नको. साजूक तुपातल्या बेसनलाडवांबद्दल माझ्याशी वाद घालू नका, मी ते घरीच खाऊन निघतो. जहाजावर बंद पाकिटातला कोरडा खाऊ सहसा चालतो, घरी शिजवलेलं अन्न नाही. शाकाहारी जेवण भरपूर मिळतं. जैन हवं असेल तर बुकिंग करतानाच कळवा आणि पहिल्या संध्याकाळी भोजनगृहाच्या प्रमुखाला पुन्हा सांगा.

इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, छोटी किटली या वस्तू जहाजावर आगीच्या भीतीने काढून घेतात. चहाची सोय जहाजावर असते. ती तुमच्या चहासारखी नसते, पण असते.

हॉटेलचे पैसे आधीच भरलेत, तरी रोममध्ये काउंटरवर पैसे का मागतात?

तो शहराचा कर. माणशी, रात्रीमागे: तीन तारांकितला ६ युरो, चार तारांकितला साडेसात. दहा वर्षांखालच्या मुलांना माफ. निघायच्या सकाळी यावरून हुज्जत घालण्यात पंधरा मिनिटं जातात, म्हणून आधी सांगतोय.

आई-बाबा सत्तरीचे आहेत. झेपेल का?

जहाज झेपतं. रोम झेपवावं लागतं. चढ, दगडी रस्ते, जुन्या इमारतींतली दोन माणसांची लिफ्ट. त्यांच्यासाठी व्हॅनच करा आणि चाकाच्या खुर्चीची मदत क्रूझ कंपनीकडे बुकिंगच्या वेळीच मागून ठेवा. पाण्याची बाटली मात्र विकत घेऊ नका. रोममध्ये रस्त्यारस्त्यावर नासोनी म्हणजे ‘मोठ्या नाकाचे’ लोखंडी नळ आहेत, १८७०च्या दशकापासूनचे, सुमारे अडीच हजार. पाणी गार आणि पिण्याजोगं. नळाचं तोंड बोटाने बंद केलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं. आमच्या बाबांनी कोलोसियमपेक्षा यात जास्त रस घेतला.

चढल्या चढल्या ती सुरक्षेची कवायत चुकवली तर चालतं का?

नाही, आणि याचं कारण याच बंदरात आहे. १३ जानेवारी २०१२ च्या संध्याकाळी कोस्ता कॉन्कॉर्डिया हे जहाज ४२२९ माणसं घेऊन चिवितावेक्कियाहून निघालं आणि काही तासांत जिल्यो बेटाजवळच्या खडकावर आपटून कलंडलं. ३२ जण गेले. त्या दिवशी इथून चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, ती दुसऱ्या दिवशी ठरली होती. तेव्हाच्या नियमाने चोवीस तासांची मुभा होती. १ जानेवारी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियम बदलला: कवायत निघण्याआधी किंवा निघताक्षणी झालीच पाहिजे. बेपत्ता असलेल्यांपैकी शेवटचे अवशेष सापडले ते नोव्हेंबर २०१४ मध्ये, जहाजावर वेटर असलेल्या एका भारतीय तरुणाचे.

तेव्हा पंधरा मिनिटं काढा, आपली जमायची जागा स्वतः चालत जाऊन पाहा.

मोबाइल चालतो का?

किनाऱ्यावर चालतो. समुद्रात फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला आपोआप जोडला जातो आणि बिल डोळे पांढरे करतं. जहाज हललं की विमानाची खूण दाबा.

लवकर पोचलो तर त्या गावात पाहण्यासारखं काही आहे?

आहे, आणि लोक उगाच नाकं मुरडतात. समुद्राकाठचा भक्कम किल्ला ब्रामान्तेने १५०८ मध्ये सुरू केला. त्याच्या मुख्य बुरुजाचा वरचा भाग मायकेलअँजेलोचा असं मानतात, म्हणून किल्ल्याला नाव त्याचंच. थोडं आत एक चर्च आहे, जपानी हुतात्म्यांचं. आतली चित्रं एका जपानी चित्रकाराने विसाव्या शतकात काढली आहेत आणि मेरीने किमोनो घातलाय. जपानचा हासेकुरा त्सुनेनागा हा सामुराई दूत १६१५ मध्ये पोपला भेटायला याच बंदरात उतरला होता. बॅगा सांभाळायला एकाला किनाऱ्यावर बसवा आणि बाकीच्यांनी पाहून या.

परतीचं विमान त्याच दिवशी सकाळी घेतलं तर?

जहाज पहाटे लागतं, पण उतरायला क्रमांक लावतात. नऊपर्यंत बाहेर पडलात तर नशीब. दुपारी दोनच्या आधीचं विमान घेऊ नका. बॅगा रात्रीच दाराबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा सकाळी घालायचे कपडे बाहेर काढून ठेवा. एका काकांना पायजम्यावर उतरावं लागलंय.